जिचं दुखणं तिलाच सोडून

तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणारी बाई कधीच कुणावर ओरडत नसेल, तर ती बहिरी तरी असावी नाही तर संत तरी, असं तिथले कारागीर म्हणत. माई दोन्ही नव्हती. तिला सगळे माईच म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

इतरांच्या चुका काढणं हेच तिचं काम. शर्ट उलटा करायचा, शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहायची, कॉलरची टोकं एकमेकांवर ठेवायची, काजं चाचपायची आणि चुकलं असेल तिथे खडूची खूण करून शर्ट शिवणाऱ्याकडे परत पाठवायचा. अशा कामात शत्रू आपोआप मिळतात, कमवावे लागत नाहीत. पण माई शर्ट फेकत नसे. स्वतः उठून त्या मशीनपाशी जाई, वाकून हळूच म्हणे, "एवढं जरा उसवावं लागेल हो." समोरचा मनातल्या मनात चरफडला तरी उसवायला घेई.

अशा बाईला कित्येक महिने आपण दुष्ट आहोत असं वाटत राहावं, आणि ते तसं नाही हे आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी तिला सांगू नये, याला काय म्हणावं? लोकांनी याला प्रेम म्हटलं. काहींनी काळजी म्हटलं. म्हणोत बापडे.

झालं असं. मुलीच्या जन्माच्या वेळी माईला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागलं होतं. त्या काळी रक्तात हिपॅटायटिस सी शोधायची सोयच नव्हती. त्या रक्तानं तिचा जीव वाचवला आणि जाता जाता यकृतात एक पाहुणा ठेवून दिला. तो इतकी वर्षं गप्प बसला. मुलगी शिकली, नोकरीला लागली, परगावी गेली, आणि मग कुठल्याशा साध्या तपासणीत तो सापडला. आता या दुखण्यावर काही आठवडे नुसत्या गोळ्या घेऊन भागतं म्हणतात. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा दर आठवड्याला पोटात सुई आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या, असा जवळजवळ वर्षाचा मामला होता.

डॉक्टरांनी माईला समोर बसवून सांगितलं, "ताप येईल, अंग मोडून येईल, केस थोडे जातील, जेवण नकोसं होईल. पाणी भरपूर प्या." मग म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा. मी यांच्याशी बोलतो."

'हे' म्हणजे तिचा नवरा. तो गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. माई बाहेर बाकावर बसली आणि समोरच्या भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र पाहत राहिली. तिला वाटलं, दाखल्या-कागदांचं काही असेल. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मास्तर म्हणाले, "काही नाही. विश्रांती घे म्हणाले."

ताप आला, अंग मोडून आलं. ते माईनं सोसलं, कारण ते तिला सांगितलेलं होतं. सांगितलेलं दुखणं ओळखीचं असतं. न सांगितलेलं दार न वाजवता आत शिरतं.

आधी झोप गेली. मग कारण नसताना रडू यायला लागलं. न्हाणीघरात नळ सोडून ती रडून घ्यायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. मग राग आला. शेजारच्या घरात राहणारी नणंद एकदा मदतीला आली आणि तिनं धुतलेली भांडी उलटी रचून ठेवली. तेवढ्यावरून माई तिच्यावर अशी तुटून पडली की नणंद हात पुसत जागच्या जागी थिजली. बसमध्ये एक तान्हं मूल रडत होतं. माईच्या हाताला इतकी शिवशिव सुटली की ती घाबरून दोन थांबे आधीच उतरली आणि उरलेलं अंतर चालत गेली.

कारखान्यात नव्यानं लागलेल्या एका मुलीच्या मशीनवर तिनं शर्ट आदळला. "डोळे कुठे गहाण ठेवलेस?" मुलगी रडायला लागली. सगळी मशीनं क्षणभर थांबली. तो आवाज आपलाच आहे हे माईलाही एकदम उमगलं नाही. इस्त्रीच्या टेबलावरचा गडी वाफेतून मान बाहेर काढून म्हणाला, "इतकी वर्षं वरवर साखर होती. आता खालचं कडू वर आलं."

ते तिला लागलं. लागलं, कारण पटलं. तिला वाटलं, खरंच असेल. आपण मुळातच अशा असू. जन्मभर गोड बोलायचं नाटक केलं, आता अंगात ताकद उरली नाही म्हणून नाटक उघडं पडलं.

एके दिवशी भाजी चिरता चिरता ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, आपण नसलो तर या घराचं बरं चालेल. घरातलं दूध संपलंय हे लक्षात यावं, इतक्या सहज आलं. त्यात रडणं नव्हतं की राग नव्हता. तिनं सुरी खाली ठेवली, खिडकी लावून घेतली आणि भाजी तशीच ठेवून अंथरुणावर जाऊन पडली. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. आपल्या मनातली घाण आपणच झाकायची असते, अशी तिची समजूत होती.

आणि या सगळ्यात घरचे वागत होते कसे? अतिशय गोड. मास्तर प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे तुझं" म्हणायचे. नणंद म्हणायची, "चुकलंच माझं, वहिनी." मुलगी फोनवर म्हणायची, "हो आई, हो आई, तू म्हणशील तसं." माईला वाटायचं, आपल्याला इतके घाबरतात की कुणी वादसुद्धा घालत नाही. तिच्या अपराधाच्या ओझ्यावर रोज आणखी एक वीट चढत होती, आणि ती चढवणारे सगळे तिचेच होते.

हे फुटलं ते कॉलरांवरून. एका मोठ्या मालातले पुष्कळ शर्ट माईनं परत पाठवले होते. कॉलरची टोकं जुळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोकी भरायच्या जागेवरून जात होती, तर तेच शर्ट घड्या घालून खोक्यांत चाललेले. खडूच्या खुणा ब्रशनं झाडून टाकलेल्या, पण कापडाच्या विणीत पांढरट धूळ राहिली होती.

ती सरळ सुपरवायझरकडे गेली. तो तिच्या हाताखाली काम शिकून वर चढलेला, म्हणून जरा दबून असायचा.

"माई, या, बसा. पाणी मागवतो."

"पाणी नको. माझा खडू कुणी पुसला?"

"अहो, त्याचं काय आहे... काल तुमचा सुईनंतरचा दिवस होता ना."

"माझ्या सुईचा दिवस तुला कुणी सांगितला?"

"मास्तरांनी. दर आठवड्याला फोन असतो त्यांचा." तो खुर्चीत चुळबुळला. "डॉक्टर म्हणालेत ना, या औषधानं डोक्यावर परिणाम होतो. म्हणजे डोक्यावर नव्हे, मनावर. राग येतो, रडू येतं, भलतंसलतं मनात येतं. म्हणून आम्ही ठरवलं, त्या दोन दिवसांतला तुमचा माल फार मनावर घ्यायचा नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून हो."

माईनं विचारलं, "हे डॉक्टर म्हणालेत?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" सुपरवायझरचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तिनं जवळच्या खोक्यातून एक शर्ट ओढून काढला, उलगडला, कॉलरची टोकं एकमेकांवर ठेवली. तंतोतंत जुळली. खूण चुकीची होती, तिचीच चूक. तिनं दुसरा काढला. त्याचं एक टोक चांगलं बोटाच्या नखाएवढं पुढे आलेलं, लहान पोरालाही दिसावं असं.

"हा पाहिलास?"

"हो. हा... चुकलाय खरा."

"मग हा खोक्यात कसा? परत तपासला कुणी?"

परत तपासलं कुणीच नव्हतं. नुसता ब्रश फिरवला होता. माईचं काही चुकतंय एवढं कळल्यावर, तिचं सगळंच चुकीचं धरून मोकळे झाले होते.

ती तिथून निघाली ती थेट कारखान्यामागच्या रस्त्यावर. दुपारची त्या रस्त्याला रहदारी नसे, म्हणून मास्तर शिकाऊ लोकांना तिथेच आणत. त्यांची गाडी गोगलगाईसारखी येताना दिसली. माईनं बसला करावा तसा हात केला. गाडी थांबली. ती मागचं दार उघडून बसली.

गाडी चालवत होते टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलेलं की जणू ते कुणी हिसकावून नेणार आहे.

"अगं, तू इथे कुठे?" मास्तर मागे वळले. "बरं वाटत नाहीये का?"

"चालू द्या तुमची शिकवणी. मला बोलायचंय, आणि घरी तुम्ही नुसतं बरोबर आहे, बरोबर आहे म्हणता."

गाडी निघाली.

"मला बाहेर बसवून डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. "कोण बोललं?"

"म्हणजे बोलण्यासारखं होतं तर."

"मास्तर, दुसरा गिअर टाकू?" टपालवाल्यांनी विचारलं.

"टाका, टाका. अगं, सांगणारच होतो. हळूहळू."

"सुपरवायझरला हळूहळू नाही सांगितलंत. वन्संना ठाऊक आहे?"

"तिला सांगावंच लागलं. भांड्यांवरून..."

"आणि पोरीला?"

मास्तरांनी टपालवाल्यांना उगाचच गिअर दाखवला.

"म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक. जिचं दुखणं तिला सोडून!"

"तू घाबरली असतीस गं. एकदा डोक्यात भरलं की नसलेलं पण व्हायला लागतं. डॉक्टरच म्हणाले, पेशंटला फार सांगू नका. आणि मी होतो ना लक्ष ठेवून! तुझा तोल जातोय असं दिसलं की मी सावरून घेतच होतो. तुला कळू न देता."

तेवढ्यात एक सायकलवाला गल्लीतून भसकन समोर आला. गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाला शिवी हासडून निघून गेला.

टपालवाल्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग मास्तरांच्या पायांकडे पाहिलं. "मास्तर, मी ब्रेक दाबलाच नव्हता."

"शिकवणीच्या गाडीला माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो," मास्तर ओशाळून म्हणाले. "शिकणाऱ्याला त्याची आठवण करून द्यायची नसते. हिंमत टिकते."

"म्हणजे काल चौकात मी झकास थांबलो, तुम्ही पाठ थोपटलीत, ते?"

"त्यातलं निम्मं तुमचं होतं."

"निम्मं!" टपालवाले लालबुंद झाले. "काल मी घरी पेढे वाटावेत तसं मिरवत सांगितलं हो सगळ्यांना!"

"यांना निदान गाडी शिकायची होती," माई मागून म्हणाली. "मी कधी लावली होती तुमची शिकवणी?"

मग तिनं ते खिडकीचं सांगितलं. परक्या माणसासमोर, गाडीत बसून, कोरड्या आवाजात. "मी नसले तर बरं, असं आलं माझ्या मनात. हे औषधाचं असू शकतं, एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं, तर मी ते त्याच्या पदरात घालून मोकळी झाले असते. मला वाटलं ते माझंच आहे. म्हणून मी ते जपून ठेवलं. तुम्हाला दिसलं ते? तुमचा पाय पोचला तिथपर्यंत?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. टपालवाल्यांनी कुणी न सांगता गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"पुढची सुई मी घेणार नाही," माई म्हणाली. "राहू दे तो आजार. निदान तो माझ्याशी खोटं बोलत नाही."

हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. ती खरंच घेणार नव्हती. अर्धवट सोडलं तर इतक्या महिन्यांचं सोसणं पाण्यात आणि यकृत हळूहळू खराब होत जाणार, हे तिला कळत होतं. त्या संध्याकाळी मास्तर तिला घरी ठेवून एकटेच डॉक्टरांकडे निघाले. दारात असतानाच तिनं विचारलं, "पुन्हा माझ्याशिवाय?" तेव्हा ते मुकाट्यानं थांबले आणि तिची चप्पल घालून होईपर्यंत उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, "मनाच्या त्रासाचं ऐकलं की पेशंट औषध सोडून देतात, म्हणून आम्ही नातेवाइकांनाच सांगतो."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत म्हणून मी सोडायला आलेय," माई म्हणाली. "आता काय करता? मी बाहेर बसू का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. खिडकीचं ऐकल्यावर त्यांचा स्वर बदलला. त्यांनी त्याच इमारतीतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. त्या वयानं लहान होत्या, पण त्यांनी मास्तरांकडे एकदाही न पाहता सगळे प्रश्न माईलाच विचारले. झोप कशी आहे, तो विचार पुन्हा आला का, आला तर किती वेळ टिकतो, तसं काही करून टाकावंसं वाटतं का. माईनं खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे या औषधानं होतं, पुष्कळांना होतं. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. यावरही औषध आहे, ते आजपासून सुरू करू. पण तो विचार परत आला, तर त्याच दिवशी इथे यायचं. पुढच्या सुईच्या दिवसाची वाट पाहायची नाही, आणि एकटं राहायचं नाही. सुई पुढे घ्यायची की थांबवायची, ते आपण दोघींनी मिळून ठरवू."

'आपण दोघींनी' हे ऐकून माईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्या पाण्याची लाज वाटली नाही. सुई घ्यायचं तिनं ठरवलं, पण तिथल्या तिथे नाही. घरी गेली, जेवली, आणि मग सांगितलं.

त्यानंतर राग यायचा थांबला असं नाही. सुईनंतरचे दिवस वाईटच जायचे. पण आता माईनं त्या रागाला आपल्या टेबलावरचा नियम लावला. तपासणीत काही शर्ट असे असतात की धड चांगले म्हणवत नाहीत, धड वाईटही म्हणवत नाहीत. ते शंकेच्या टोपलीत टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ताज्या डोळ्यांनी पाहायचे. तशी एक टोपली तिनं मनात ठेवली. सुईच्या दिवसांतला राग त्यात टाकायचा. नंतर काढून पाहिलं, की उलट्या रचलेल्या भांड्यांसारखे पुष्कळसे राग विरून गेलेले असत. पण सगळे नाही.

इस्त्रीवाल्याचा शेरा टोपलीतून जसाच्या तसा निघाला. त्याला तिनं जाऊन सांगितलं, "कडू वर आलं ते औषधाचं होतं. तुझ्या तोंडातलं कुठल्या औषधाचं ते तूच बघ." नव्या मुलीची तिनं माफी मागितली आणि औषधाचं नावही काढलं नाही. औषध असो नसो, रडली होती ती मुलगीच. सुपरवायझरला तिनं बजावलं, सुईनंतरच्या दोन दिवसांतला माल मी स्वतः पुन्हा तपासीन, माझ्या खुणेवर ब्रश फिरला तर मी या टेबलावर बसणार नाही. आणि मास्तरांना ताकीद होती की माझ्याबद्दल जे कुणाला सांगायचं ते आधी मला सांगायचं. त्यांच्यावरचा राग तिनं टोपलीत टाकलाच नव्हता. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मास्तर बिचारे तोंडावर बोलायला शिकत होते. "आज तू जरा टोचून बोलतेयस," ते चाचरत म्हणायचे, आणि ती म्हणायची, "हो. पण खोटं बोलतेय का?" यावर ते विचार करून उत्तर द्यायला लागले, हेही काही कमी नाही.

पुढे एका खेपेला सुईसाठी माई बाकावर बसली होती. शेजारी एक तरुण होता, कपड्यांना वंगणाचा वास, बरोबर मोठा भाऊ. त्याला औषध सुरू व्हायचं होतं. नर्सनं दार उघडलं. "यांचे नातेवाईक कोण? तुम्ही आत या. पेशंटनी बाहेर बसा."

भाऊ उठला. तरुण आज्ञाधारकपणे हात धुण्याच्या चित्राकडे पाहायला लागला.

"तुम्ही पण उठा," माई त्याला म्हणाली.

"मला बसायला सांगितलंय."

"दुखणं कुणाला आहे? भावाला?"

"नाही, मला."

"मग आत जा. आणि विचारा, या औषधानं मनाचं काय होतं. ताप, केस ते सांगतील, तेवढ्यावर उठू नका. मनाचं सांगेपर्यंत बसून राहा."

नर्सच्या कपाळावर आठी पडली. दर आठवड्याची ओळख होती, त्यामुळे ती जरा सलगीनं, जरा टोमण्यानं म्हणाली, "काय माई, आज सुई आधीच घेऊन आलात वाटतं?"

"सुई अजून व्हायचीय," माई म्हणाली. "हा राग माझा घरचा आहे."

नर्स दारातून जरा बाजूला सरली. मग तिनं दार आणखी थोडं उघडलं, आणि दोघे भाऊ आत गेले.